धड्याला सोबती हवा



दिवाळीची सुट्टी संपली की शाळांतून उपक्रमांच्या वह्यांची घाई सुरू होते. आठवी, नववी, दहावीच्या मुलांना भाषेच्या विषयात एक काम हमखास मिळते. पुस्तकातला एक धडा किंवा कविता घ्यायची, त्याच विषयावरचे आणखी दोन-तीन लेख, गोष्टी किंवा कविता शोधायच्या आणि सगळ्यांचा मिळून विचार करून चार पाने लिहायची. विषय पुष्कळदा ठरलेले असतात: माझे गाव, माझी माती, आपलेपणा. मग संध्याकाळी अम्मीचा नाहीतर अब्बूंचा मोबाईल हातात घेतला जातो, पहिले जे सापडेल ते उतरवले जाते आणि वही जमा होते. मार्क मिळतात, वाचन होत नाही. या महिन्यात याच कामाविषयी बोलू. विषय 'आपलेपणा' असेल, तर मुख्य धड्याच्या सोबतीला काय निवडावे आणि कसे निवडावे?

प्रश्न छोटा वाटतो, पण आपल्या मुलांच्या बाबतीत तो छोटा नाही. आम्ही उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे दोन्हीकडच्या वह्या आमच्या हाताखालून जातात. 'माझे गाव' म्हटले की बाकीची मुले आजोळची विहीर, जत्रेतला पाळणा, एसटीचा थांबा, आजीच्या हातची भाकरी असे लिहितात. आपली मुलेही हेच लिहितात, पण आधी नाही. पहिल्या परिच्छेदात पुष्कळदा एक यादी असते: स्वातंत्र्यासाठी लढलेले मुसलमान, सीमेवर शहीद झालेले, शास्त्रज्ञ झालेले, राष्ट्रपती झालेले. ती यादी संपली की मग विहीर आणि भाकरी. जणू गावाविषयी लिहिण्याआधी गावात राहण्याची परवानगी काढायची आहे.

ही सगळी माणसे आदराची आहेत आणि त्यांच्याविषयी मुलांनी जरूर लिहावे. काळजी वेगळीच आहे. तेरा-चौदा वर्षांचे मूल निबंधाच्या जागी प्रतिज्ञापत्र लिहू लागते, कारण 'तुम्ही मूळचे कुठले?' हा प्रश्न त्याने मैदानावर, बसमध्ये, टीव्हीवरच्या भांडणात कुठेतरी ऐकलेला असतो. घरात आपणही त्याच प्रश्नाला उत्तरे देत बसलेलो असतो आणि मूल ते ऐकत असते. मग पुस्तक उघडतानाही ते पुरावाच शोधते. पुरावा शोधणाऱ्याला एका ओळीशी काम असते. ती सापडली की पुस्तक मिटते, आणि तेवढे मिटलेले पुस्तक पुन्हा उघडत नाही. आपले म्हणणे इतकेच आहे की आपलेपणा सिद्ध करायला मुलांना लावू नका, वाचायला लावा. सोबतीचे लेखन नीट निवडले, तर ते काम आपोआप होते.

निवडीला लागण्याआधी एका शब्दाकडे पाहू. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन वेगळे शब्द आहेत. 'आम्ही जेवायला चाललो' म्हटले की ऐकणारा दाराबाहेर उभा राहतो. 'आपण जेवायला जाऊ' म्हटले की तोही पंगतीला आला. उर्दूत दोन्हीसाठी एकच 'हम' आहे. पण आपल्या घरात जी दखनी बोलली जाते, तिच्यात मराठीसारखाच 'अपन' आहे. 'चलो, अपन चलेंगे' म्हणताना दादी समोरच्याला बरोबर घेऊन निघालेली असते. आपलेपणा या विषयाची किल्ली याच दोन शब्दांत आहे. कुठलाही लेख, गोष्ट, कविता हाती आली की मुलाने एवढेच विचारावे: यात 'आपण' कोण आहे? 'आम्ही' कोण आहे? आणि दाराबाहेर कोण उभे आहे? ज्या लेखनात या प्रश्नांची उत्तरे मिळतात ते सोबतीला घ्यावे. नुसता 'गाव' हा शब्द आला म्हणून घेऊ नये. 'माझे गाव सुंदर' असे सांगणारे दोन निबंध जोडले तर एकच निबंध दोनदा वाचल्यासारखे होते. सोबती असा हवा की जो धड्याशी थोडा वाद घालेल, त्याने न सांगितलेले काही सांगेल.

असे सोबती शोधायला आपल्या जिल्ह्याबाहेर जायची फारशी गरज नाही. पहिली जोडी नगरच्या किल्ल्यातच आहे.

९ ऑगस्ट १९४२ रोजी काँग्रेस कार्यकारिणीच्या नेत्यांना मुंबईत अटक झाली आणि त्यांना नगरच्या किल्ल्यात आणून ठेवले गेले. त्यांत मौलाना अबुल कलाम आझाद होते आणि पंडित जवाहरलाल नेहरूही. अडीच वर्षांहून अधिक काळ ते इथे होते. नेहरूंनी याच किल्ल्यात १९४४ मध्ये 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले. मौलानांनी 'गुबार-ए-खातिर'मधली पत्रे लिहिली. दोन्ही पुस्तके १९४६ मध्ये प्रसिद्ध झाली. एकच किल्ला, एकच कैद, एक पुस्तक इंग्रजीत आणि एक उर्दूत. नेहरू पाच हजार वर्षांच्या देशाचा शोध घेत आहेत. मौलाना आपले मित्र नवाब सद्रयार जंग हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना पत्रे लिहीत आहेत, आणि ती पोस्टात पडणार नाहीत हे त्यांना ठाऊक आहे.

आता मौलानांचे आयुष्य पाहा. जन्म १८८८ मध्ये मक्केत, वाढ कलकत्त्यात, कैद नगरात. 'मूळचे कुठले?' या प्रश्नाला त्यांनी काय उत्तर द्यावे? पत्रांत ते या प्रश्नाशी झगडत बसत नाहीत. ते पहाटेच्या चहाविषयी लिहितात. अंगणातल्या कठीण, खडकाळ जमिनीत कैद्यांनी फुलझाडांचे वाफे कसे केले ते लिहितात. खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्यांविषयी तर मोठे गमतीदार पत्र आहे. आधी त्यांच्याशी लढाई, मग तह, मग दोस्ती, आणि शेवटी 'मुल्ला', 'कलंदर' अशी त्यांची नावे. ज्या जागेत आपल्याला कोंडून ठेवले आहे, तिथल्या चिमण्यांना नाव द्यावेसे वाटणे, हाही आपलेपणाच आहे. आणि त्याची किंमतही त्याच पुस्तकात आहे. एप्रिल १९४३ मध्ये कलकत्त्यात त्यांच्या पत्नी जुलैखा बेगम यांचे निधन झाले. त्यांच्या आजारपणात सवलत मागून घरी जावे, हे मौलानांनी मान्य केले नाही. ते दुःखही त्यांनी पत्रातच ठेवले.

पालकांना एक सूचना. 'गुबार-ए-खातिर'ची उर्दू फारसीने भरलेली आहे. नववीच्या मुलाला सबंध पुस्तक देऊ नका, ते घाबरून जाईल. चिमण्यांचे पत्र घ्या, घरातल्या मोठ्यांनी ते मोठ्याने वाचावे, अडलेला शब्द बोलीत सांगावा. मराठी माध्यमाच्या मुलाला ते पत्र घरातल्या कोणीतरी गोष्टीसारखे सांगितले तरी चालेल. मग मुलाला विचारा, मौलानांच्या 'अपन'मध्ये कोण कोण आले? उत्तरात चिमण्या आल्या की समजा, मूल वाचू लागले.

दुसरा सोबती लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे'. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेले हे आत्मचरित्र मराठीत फार नावाजलेले आहे, पण आपल्या घरांत ते फारसे पोहोचलेले दिसत नाही. लक्ष्मीबाई एका सनातनी ब्राह्मण घरातल्या. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, यांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या, मग पतीकडे आल्या आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. पुढचे त्यांचे बरेच आयुष्य नगर आणि राहुरी परिसरात गेले. शाळेत जवळजवळ न गेलेल्या या बाईने काय घडले ते असे सांगितले आहे की वाचणारा हसतो आणि पुढच्याच पानावर गप्प होतो.

आपल्या मुलांनी हे का वाचावे? धर्म बदलण्याची चर्चा करण्यासाठी नव्हे. दार बंद होते तेव्हा माणसाचे काय होते, हे कळण्यासाठी. ज्या माणसांत आपण वाढलो त्यांच्या पंगतीतून उठावे लागणे, अनोळखी लोकांत जाऊन बसावे लागणे आणि हळूहळू तेच घर होणे. या पुस्तकाचा मोठेपणा असा की लक्ष्मीबाई स्वतःला सोडत नाहीत. सोवळ्याच्या कल्पनेने आपणच कोणाकोणाला दूर ठेवत होतो, कोणाच्या हातचे पाणी नको म्हणत होतो आणि ते कसे गळून पडले, हेही त्या सांगतात. म्हणजे दाराबाहेर उभी राहिलेली बाई एकेकाळी स्वतः दार लावून घेणारीही होती. मुलींना हे पुस्तक विशेष आवडते, असा आमचा अनुभव आहे. त्यांना त्यातली नवरा-बायकोची भांडणे आणि विनोद आवडतात, आणि आवडले की पुढचे आपोआप वाचले जाते.

तिसरा सोबती कडू आहे. अकोले तालुक्यातल्या धामणगावचे दया पवार यांचे 'बलुतं' १९७८ मध्ये आले. पुस्तकाची रचनाच पाहा. त्यात दगडू आपली कहाणी दयाला सांगतो, आणि हे दोघे एकच आहेत: शिकून पुढे गेलेला माणूस आणि गावकुसाबाहेर जन्मलेले त्याचेच जुने रूप. एका माणसाच्या आतही 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन तुकडे पडतात, हे इतक्या सरळपणे क्वचितच कोणी लिहिले असेल. बलुतं म्हणजे गावाची कामे केल्याबद्दल मिळणारा धान्याचा वाटा. गाव वाटा देई, पण पाणवठ्यावर जागा देत नसे. 'माझे गाव सुंदर' या धड्याशी वाद घालणारा सोबती हवा असेल तर हाच. दहावीच्या खालच्या मुलांना हे पुस्तक सबंध देऊ नये. त्यातले जीवन उघडे-नागडे आले आहे. शिक्षकाने किंवा वाचत्या पालकाने बालपणाचा एखादा भाग काढून द्यावा.

'बलुतं' वाचताना आपण आपल्याकडेही पाहावे. इस्लाममध्ये उच्चनीच नाही, हे आपण मुलांना शिकवतो आणि ते खरेच आहे. पण लग्न ठरवताना बिरादरी विचारली जाते. मोहल्ल्यातल्या काही घरांच्या दावतीला जाताना काही लोक पाऊल आवरते घेतात. कुणाच्या आडनावावरून, कुणाच्या कामावरून 'हम' आणि 'वो' अशी रेघ ओढली जाते. मुलांना ही रेघ दिसते. वर्गात 'बलुतं'चा उतारा वाचून झाल्यावर एखादा मुलगा हळूच आपल्या गल्लीतले उदाहरण सांगतो, तेव्हा त्याला गप्प करू नये. ज्याला आपल्याच 'आपण'मधली बंद दारे दिसली, त्याला दुसऱ्याने लावलेल्या दाराविषयी बोलायचा खरा अधिकार मिळतो.

चौथा सोबती भाषेविषयीचा. उर्दू माध्यमातली पुष्कळ मुले मराठीला परीक्षेपुरती भाषा समजतात: फॉर्म भरायला, तलाठ्याकडे जायला लागणारी. मराठी माध्यमातली आपली मुले उलट उर्दूला फक्त मशिदीची भाषा समजतात. दोघांनाही श्रीगोंद्याचे शेख महंमद सांगावेत. सतराव्या शतकातले हे संतकवी. चांद बोधले हे त्यांचे गुरू. 'योगसंग्राम' हा त्यांचा मोठा ग्रंथ मराठीत, ओवीत आहे. आपण 'अविंध', म्हणजे मुसलमान घरात जन्मलेले, हे ते लपवत नाहीत, आणि मराठीत लिहिण्यासाठी कोणाची परवानगीही मागत नाहीत. त्यांच्या विचारांशी आपण सहमत असू किंवा नसू, तो वेगळा प्रश्न. इथे भाषा पाहायची आहे. त्याच्याही आधी, १२९० च्या सुमारास, आपल्याच जिल्ह्यात नेवाशाला ज्ञानेश्वरांनी गीतेवरचे भाष्य संस्कृत सोडून मराठीत सांगितले, कारण ऐकणारे लोक मराठी होते. भाषा कोणाची, तर जो तिच्यात बोलतो त्याची. हा धडा या जिल्ह्याने दोनदा दिला आहे.

आणि घरात बोलतो त्या दखनीचे काय? मुले तिला 'बिघडलेली उर्दू' म्हणतात, कारण मोठेही तसेच म्हणतात. त्यांना सांगावे की निजामशाहीच्या दरबारात हसन शौकी नावाचा कवी होता. १५६५ मध्ये तालिकोटची लढाई झाली, त्या विजयावर त्याने दखनीत 'फतहनामा निजामशाह' रचला. साडेचारशे वर्षांपूर्वी ज्या भाषेत नगरच्या दरबारात काव्य होत होते, ती बिघडलेली कशी असेल? दादीच्या तोंडची एखादी म्हण, एखादी लोरी मुलाने वहीत उतरवून घेतली आणि तिचा अर्थ मराठीत व उर्दूत लिहिला, तर तोही एक उत्तम सोबती आहे. शिक्षकांनी अशा लेखनाला पुस्तकातल्या कवितेइतकेच मार्क द्यावेत.

इथून पुस्तकाबाहेरच्या सोबत्यांकडे वळू. वाचायचे ते सगळे छापलेलेच असते असे नाही.

नगरच्या पूर्वेला डोंगरावर एक तीन मजली अष्टकोनी इमारत आहे. सगळे तिला चांदबीबीचा महाल म्हणतात. ती चांदबीबीची नाही, महालही नाही. निजामशाहीचा वजीर सलाबतखान याची ती कबर आहे. पण १५९५-९६ मध्ये मोगलांच्या वेढ्यात किल्ला लढवणारी ही राणी लोकांना इतकी आपली वाटली की त्यांनी दुसऱ्याची इमारत तिला देऊन टाकली. इतिहासाच्या दृष्टीने ही चूक आहे, आपलेपणाच्या दृष्टीने हा पुरावाच आहे, आणि गंमत म्हणजे तो कोणी मागितलेला नव्हता. तसेच शहरातली दमडी मशीद. किल्ल्याच्या कामावरच्या मजुरांनी एकेक दमडी काढून ती उभी केली, अशी आख्यायिका आहे. मुलांना रविवारी तिथे न्यावे, दगडावरची नक्षी दाखवावी आणि विचारावे, बांधकामावरच्या मजुराला ही मशीद 'आपली' वाटायला एक दमडी पुरली असेल का?

शहराचे नावही असाच एक मजकूर आहे. १४९० च्या दशकात मलिक अहमदने भिंगारजवळ हे शहर वसवले आणि त्याला त्याचे नाव मिळाले. २०२४ मध्ये शहराचे आणि जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. १७२५ मध्ये जामखेड तालुक्यातल्या चौंडी गावी जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांचे हे नाव. घरात आजोबांच्या दाखल्यावर एक नाव, नातवाच्या दाखल्यावर दुसरे. यावर मोठ्यांची मते काहीही असोत, मुलाला दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचायला द्यावेत. शहर वसवणारा कोण होता, त्याच्या वडिलांचे घराणे पाथरीच्या ब्राह्मणांचे कसे सांगितले जाते, आणि चौंडीच्या मुलीने देशभर घाट, विहिरी कशा बांधल्या, हे दोन्ही त्याला यायला हवे. ज्याला दोन्ही गोष्टी येतात, त्याच्याशी नावावरून भांडायला येणाऱ्याची पंचाईत होते.

घरातली लोखंडी पेटीही उघडा. तिच्यात जुना निकाहनामा असतो, सातबारा असतो, मुंबईला गिरणीत किंवा गोदीत गेलेल्या चाचांची पत्रे असतात, आखाती देशातून आलेली पाकिटे असतात. सातबाऱ्यावर कोणाचे नाव आहे आणि शेतात राबणाऱ्या कोणाचे नाही, हे मुलाने वाचावे. निकाहनाम्यावर साक्षीदार कोण होते, कोणत्या गावचे होते, हे पाहावे. एखाद्या घरात साक्षीदाराच्या किंवा कर्जाच्या कागदावर शेजारच्या पाटलाची किंवा सुताराची सही सापडते. मग त्या सहीची गोष्ट आजोबांना विचारावी. अशी एक सही शंभर भाषणांपेक्षा जास्त शिकवते.

आणि शेजारच्या बाकावरचा मित्रही वाचावा. पाथर्डी, शेवगावकडची कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. सहा महिने कारखान्याच्या कोपीवर, सहा महिने गावात. ज्या जिल्ह्यात प्रवरानगरला सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात झाली, त्याच जिल्ह्यातले हे दुसरे चित्र. त्या मुलाला विचारा, तुझे गाव कुठले? त्याचे उत्तर लिहून घ्या, अर्थात त्याला विचारूनच. 'मूळचे कुठले?' हा प्रश्न फक्त आपल्यालाच टोचतो असे नाही, हे आपल्या मुलाला त्या दिवशी कळेल. ज्याचे घर दर सहा महिन्यांनी हलते, त्याच्यासाठी तो प्रश्न आणखी अवघड आहे.

एक सोबती मात्र लांबचा असावा, म्हणजे जवळचे नीट दिसते. दहावीच्या मुलांसाठी सआदत हसन मंटोंची 'टोबा टेक सिंह' ही कथा घ्यावी. फाळणीनंतर दोन्ही देशांतल्या वेड्यांच्या इस्पितळांतल्या रुग्णांची अदलाबदल ठरते. लाहोरच्या इस्पितळातला बिशनसिंग एकच विचारत राहतो, माझे गाव कोणत्या देशात? कोणीही नीट सांगत नाही, आणि शेवटी तो दोन सरहद्दींच्या मधल्या, कोणाच्याच नसलेल्या जमिनीवर कोसळतो. मंटो स्वतः मुंबई सोडून १९४८ मध्ये लाहोरला गेले होते. लहान मुलांसाठी प्रेमचंदांची 'ईदगाह' आहेच. जत्रेत सगळी मुले खेळणी घेतात आणि हमीद तीन पैशांत दादीसाठी चिमटा घेतो, कारण भाकरी भाजताना तिची बोटे पोळतात. आपलेपणा केवढा छोटा आणि केवढा मोठा असू शकतो, हे पाचवी-सहावीच्या मुलाला याहून सोपे करून सांगता येणार नाही.

हिजरतची गोष्ट तर आपल्या प्रत्येक मुलाला माहीत असते, पण ती दीनियातच्या तासाला राहते, भाषेच्या वहीत येत नाही. ती आणावी. मक्केहून रिकाम्या हाताने आलेल्या मुहाजिरांना मदिनेच्या अन्सारांनी भाऊ मानले, घरात आणि शेतीत वाटा देऊ केला. आणि रिवायतींत असेही येते की मक्का सोडताना प्रेषितांनी (स.) त्या शहराविषयीची आपली ओढ बोलून दाखवली. मदिना आपले झाले म्हणून मक्का परके झाले नाही. एका माणसाला दोन ठिकाणे आपली असू शकतात. पुण्याला किंवा दुबईला नोकरीला गेलेल्या मुलाच्या घरात आणि माहेर सुटलेल्या प्रत्येक मुलीच्या घरात ही गोष्ट आज घडते आहे.

आता वही कशी भरायची? सोबती तीनपेक्षा जास्त नकोत. एक पुस्तकातला, एक जिल्ह्यातला, एक घरातला. सहावीच्या मुलाला 'ईदगाह' आणि दादीची एक आठवण पुरते. नववीला चिमण्यांचे पत्र, 'स्मृतिचित्रे'तला एक भाग आणि पेटीतला एक कागद. दहावीला 'बलुतं'चा उतारा, 'टोबा टेक सिंह' आणि ऊसतोडीच्या मित्राशी झालेले बोलणे. प्रत्येकाखाली तीन ओळी लिहायच्या: यातला 'आपण' कोण, दाराबाहेर कोण, आणि हा मजकूर मुख्य धड्याशी कुठे सहमत नाही. तिसरी ओळ सर्वांत महत्त्वाची. परीक्षकाला तिथेच कळते की मूल वाचून लिहिते आहे की उतरवून.

पालकांनी दोनच गोष्टी पाळाव्यात. मुलाला उत्तर सांगू नये आणि मुलाचे उत्तर कडू निघाले तरी खोडू नये. 'आपल्या गल्लीत अमुक घराला कोणी बोलवत नाही' असे त्याने लिहिले, तर ते तसेच राहू द्यावे. मोठ्या माणसांची यादी लिहायची असेल, तर तीही लिहू द्यावी, पण शेवटी, आणि त्यातल्या एकाचे तरी काही वाचून. मौलाना आझादांचे नाव यादीत घालणाऱ्या मुलाने त्यांच्या चिमण्यांचे पत्र वाचलेले असले, तर ते नाव आता यादीतले राहत नाही, ओळखीचे होते.

या महिन्यात वाचकांसाठी एक काम. घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला विचारा, हे गाव तुम्हाला आपले केव्हापासून वाटू लागले? लग्न करून आलेल्या नानीचे, बदलीने आलेल्या चाचांचे, इथेच जन्मलेल्या दादाजींचे उत्तर वेगवेगळे येईल. ते मुलाने त्यांच्याच शब्दांत, दखनी असेल तर दखनीतच, लिहून घ्यावे. आलेल्या उत्तरांतली काही, नावे न देता, पुढच्या महिन्याच्या सदरात आपण मिळून वाचू, इन्शाअल्लाह.